एकाच डब्यातल्या पुंगळ्या

शिकारीच्या हंगामाआधी ताउनो शहरात आला, की दुकानदार रेइयो दरवेळी त्याच्या मागे लागायचा, “काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतोस ना, मग पुंगळीची नुसती मान आवळणारा साचा घे की! पितळ दुप्पट टिकेल.”

“नको रे बाबा. मग पुंगळी ज्या रायफलीतून उडाली तिच्यातच परत बसते. आमच्या एकाच मापाच्या दोन रायफली, एक माझी, एक केर्तूची, आणि ती सगळ्या पुंगळ्या एकाच डब्यात ओतते. बायकोला सांगून सांगून थकलो!”

यंदा ताउनोने तो साचा स्वतःहून मागितला.

“वा! वहिनींना लागली म्हणायची शिस्त!”

“आता घरात एकच रायफल आहे,” ताउनो म्हणाला.

रेइयोने साचा कागदात गुंडाळला.

घरी ताउनोने एकेका पुंगळीची मान आवळली आणि रायफलीत घालून पाहिली. सगळ्या नीट बसल्या. डब्याच्या तळाशी राहिलेली शेवटची मात्र काही केल्या बसेना.



ती मुठीत घट्ट धरून तो रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळला आणि पूर्वीसारखाच ओरडला, “केर्तू, परत मिसळल्यास ना!”