भाताची पिशवी

तिसऱ्यांदा पिशवी आडवी झाली, तेव्हा सहदेवने कपाळाला हात लावला.

कराटेच्या सरावाची पिशवी टांगायची सोय नव्हती. टांगली तेव्हा समाजमंदिराचा वासा वाकला, कौलं खाली आली आणि पंचांनी बजावलं, छपराला पुन्हा हात लावशील तर क्लास बंद. म्हणजे पिशवी हवी ती आपली आपण उभी राहणारी. खाली ट्रकचा जुना टायर, वर ताडपत्रीची माणसाएवढी पिशवी, इथपर्यंत जमलं. घोडं अडलं ते आत काय भरायचं यावर. वाळू भरली तर क्लासातल्या हिरूचा अंगठा सुजला. लाकडाचा भुसा भरला तर पिशवी नुसत्या धक्क्यानं लोळायची. तूस भरलं, तर पिशवी पडायची ती पडलीच, वर सगळा क्लास अंग खाजवत घरी गेला.

त्या साली खोपोलीपासून चौकपर्यंत ज्याला त्याला कराटेचं वेड लागलं होतं. सहदेव कागद कारखान्यातली पाळी संपवून थेट शिकवायला यायचा. आता मुंबईचे परीक्षक येणार होते. त्यांनी मान्यता दिली तर पोरापोरींना पट्टे मिळणार होते. नाही दिली, तर त्या जागेत लग्नाची भांडी ठेवायला पंच टपलेलेच होते.

"भात भर," सहदेवची आई चंद्राबाई म्हणाली. तिच्या कणगीत नवं, अजून न कांडलेलं भात होतं. "जड हाय, आन दबतं बी."

"आये, लाथा मारायच्यात त्याला."

"मार की. नायतरी गिरणीत कांडायचंच हाय, तुमी आदी कांडा. पन पाय लागला का पाया पडायचं. दर लाथंला. नायतर माजं भात मला परत दे."

भात भरलं आणि पिशवी उभी राहिली. लाथ बसली की वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. त्या दिवसापासून क्लास असा चालू झाला: लाथ, नमस्कार, लाथ, नमस्कार. चंद्राबाई संध्याकाळी दारात येऊन बसायची. कुणी विसरला की म्हणायची, "लक्षुमीला पाय लागला ना रं?" की तो गुमान वाकायचा.

परीक्षेच्या दिवशी सहदेवने सगळ्यांना बाजूला घेतलं. "आज पाया पडायचं नाय. आपलं हसं होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुंबईचे परीक्षक पाशिलकर सर खुर्चीवर बसले. कमरेला काळा पट्टा, बोलण्यात चार शब्द मराठी की एक जपानी. हिरू पुढे झाली. तिची लाथ अशी बसली की सरांच्या भुवया वर गेल्या. आणि हिरूने सवयीनं वाकून पिशवीला हात लावला, तो कपाळाला लावला. तिच्यामागच्या हिरामणनेही तेच केलं. धाऊला मात्र सहदेवचं बोलणं आठवलं. तो थांबला, दारातल्या चंद्राबाईकडे बघून दोनदा पाया पडला.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. "कराटेत असला नमस्कार नसतो. हात मांडीला, मान खाली, संपलं. इथं आरती चाललीय का? ज्यांना साधा नमस्कार येत नाही त्यांना मी पट्टे देऊ?"

सहदेवला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आईपायी सगळं गेलं. त्या क्षणी त्याला आईचा खराखुरा राग आला.

सर उठले. "बघा. असं." त्यांनी एक सणसणीत लाथ घातली. पिशवी वाकली आणि सरळ झाली. सर खूश झाले, आणखी एक घातली. "पिशवी मात्र झकास आहे हं. आमच्याकडे अशी नाही. भरलंय काय?"

दारातून उत्तर आलं.

"भात हाय, बाबा. ह्याच सालचं."

जन्माचा मुंबईकर असता तर हसून म्हणाला असता, मग वरण कुठे आहे? पण भातशेतीच्या गावात वाढलेले सर हसले नाहीत. तिसऱ्या लाथेसाठी उचललेला पाय त्यांनी हळूच खाली ठेवला.

"आधी नाही का सांगायचं?" ते पुटपुटले.

सगळा क्लास त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी काळा पट्टा नीट केला, खाली वाकून पिशवीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग दुसरी लाथ आठवल्यासारखं करून पुन्हा एकदा लावला.

"चला," घसा खाकरून ते म्हणाले, "परीक्षा पहिल्यापासून घेऊ. काय गं तुझं नाव, हिरू ना? ये."

"सर, आन नमस्कार कंचा करायचा?"

"करत होतीस तोच."

चंद्राबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर झटकला.

"सहदेवा, मी निघते रं," ती म्हणाली. "तुजा मास्तर पास झाला."