एका सीटची गाडी

"मागची सीट कुठे आहे?" तिने विचारलं.

"नाही," मेकॅनिक म्हणाला. तो तिचा नवरा होता आणि त्याचं सगळं लक्ष पान्याकडे होतं.

मोटरसायकल साखळीने छताला टांगलेली होती. पुढचं चाक भिंतीला टेकून ठेवलेलं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जुने उंच फोर्क त्याने नुकतेच काढले होते. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, टाकी भंगारातली. त्याच्या वर्षभराच्या सुट्ट्या या बयेने गिळल्या होत्या.

आणि आता ही एकच सीट. लग्नापासून ती त्याच्या पाठीमागे बसत आली होती. सगळे रस्ते तिने त्याच्या खांद्याआडून डोकावून पाहिले. तरुणपणी एकदा तिने त्याची गाडी चालवून पाहिली होती. थांबताना पाय जमिनीला पुरले नाहीत, गाडी अंगावर पडली, सगळी गल्ली हसली. "पुढच्या जन्मी उंच होऊन येईन," म्हणत तिने तो नाद सोडला. आता मागची जागाही गेली. म्हातारपणी हा एकटाच भटकणार आणि आपण दाराशी वाट बघत बसणार. तिला फार वाईट वाटलं.

तरी नजर हटेना. एका लहान गाडीचे फोर्क त्याने खालून हळूच वर सरकवले, बांगडी चढवावी तसे. नळ्या आरशासारख्या लखलखत होत्या. चाक बसलं, त्यातून ॲक्सल आरपार गेला. त्याने साखळी सोडली आणि इतका वेळ लोंबकळणारं लोखंड स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं. ती थक्क झाली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचे हात आपण नीट पाहिलेच नव्हते!

पण राग काही जाईना. "काय ही बुटकी करून ठेवलीत! तुमच्यासारखा ताड बसला तर गुडघे कानाला लागतील."

तो नुसता हसला. आता स्प्रिंगचा ताण लावायचं तेवढं राहिलं होतं. त्याबाबतीतला त्याचा हट्ट सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होता. चालवणारा स्वतः गाडीवर बसल्याशिवाय तो स्प्रिंगला हात लावत नसे. एका डॉक्टरने आपल्या जागी कंपाउंडर पाठवला, तर त्याला चहा पाजून त्याने परत धाडलं होतं.

त्याने हात पुसले आणि हँडल घट्ट धरलं. "बस."

"मी कशाला? तुम्ही बसा की."

"अगं, ज्याची गाडी त्याचंच वजन."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याच्या खांद्याला धरून, श्वास रोखून, गाडीवर बसली. गाडी जराशी दबली.

"आणि तुम्ही हो?" तिने विचारलं.

"माझी जुनी आहे की. येईन तुझ्या मागून."

तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय, टाचांसकट, जमिनीला टेकले होते.