पोटातला चहाडखोर

वजनकाट्यावर चढण्याआधी दादाने खिशातल्या किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, शेवटी चष्माही काढून टेबलावर ठेवला.

"चष्म्याने काय होतंय?" धाकटी बहीण म्हणाली. घरात तिला सगळे चिमी म्हणत.

"असू दे गं. ऐन वेळी नडायला नको."

त्याने श्वास रोखून काट्यावर पाय ठेवला. चष्म्याशिवाय आकडा दिसेना, म्हणून तो डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

चिमीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस, आणि घरी आली की पुन्हा शिलाई मशीनपाशी. "मी आहे ना, घे माझी एक," असं दादा लगेच म्हणाला होता, जणू कपाटातली जास्तीची उशी काढून द्यायची होती. मग त्याच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवलं.

"तुमच्या पोटाभोवतीची चरबी नुसती बसून राहत नाही," त्या म्हणाल्या. "ती रक्तात एक प्रथिन सोडते. ते निरोप्याचं काम करतं. हृदयाला निरोप पोचतो, ते ताठर होत जातं. किडनीला पोचतो, ती मीठ-पाणी धरून ठेवते आणि झिजते. तुमच्यात दोन्ही सुरू झालंय."

"म्हणजे पोटात चहाडखोर पाळलाय म्हणा की," दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "वजन उतरेपर्यंत किडनी देण्याचं नावही काढू नका."

हृदय, ताठर वगैरे त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कान टवकारले ते या शेवटच्या वाक्याला. वजन उतरलं की चिमी वाचणार, एवढीच खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

दादा एका उंच ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होता. स्टुलावर बसून जन्म गेलेला. जिना त्याने पाहिला असेल तो आगीच्या सरावापुरता. आता जेवणाच्या सुट्टीत तो धापा टाकत तोच जिना चढू लागला. "लिफ्टमनच पायी निघाला, आता आम्ही भरवसा ठेवायचा कुणावर?" साहेबलोक चिडवायचे. "लिफ्ट धडधाकट आहे साहेब, बिघाड माझ्यात आहे," तो म्हणायचा. गोड सुटलं, तळलेलं सुटलं, खारट सुटलं. बायको म्हणाली, आम्ही कानीकपाळी ओरडलो तेव्हा चहातली अर्धा चमचा साखर कमी झाली नाही. पायात गोळे यायचे. भुकेने जीव नकोसा व्हायचा. एकदा तर बेकरीसमोर उभं राहून या बापड्याला चक्क रडू आलं. मग चिमीचा सुजलेला चेहरा आठवला आणि तो पुढे चालू लागला.

गणवेशाची पँट कमरेत आत घ्यायला तो चिमीकडेच न्यायचा. दर वेळी टेप लावताना ती आधीपेक्षा खूश दिसायची. पोरीला जगायची आशा लागलीय, असं दादाला वाटे आणि तो आणखी नेटाने चढे.

"उतरलं," काट्यावरचा आकडा बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुरतं उतरलं. रक्तातलं ते प्रथिनही खाली आलंय. हृदय सैलावलंय, किडन्या सावरल्यात. स्वतःची पाठ थोपटा."

दादाचा जीव भांड्यात पडला. त्याने चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "मग ऑपरेशन कधी? मी रजा टाकून ठेवलीय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चिमीकडे पाहिलं. "हे तुम्हीच सांगायचं ठरलं होतं."

चिमीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "दादा, मी तुझी किडनी घेणार नाहीये. तुझ्या तपासण्या झाल्या, त्याच दिवशी बाईंना तसं सांगितलं होतं."

दादाला राग आला, आणि रागाने आवाज चढायच्या ऐवजी फाटला. "मग एवढा आटापिटा मी कशासाठी केला? आणि तुला कोण देणार गं?"

"माझं नाव लागलंय रांगेत. नंबर येईल तेव्हा येईल." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "स्वतःसाठी तू काही केलं नसतंस, दादा. आणि त्या रांगेत माझ्यामागे तुला उभं बघायचं नव्हतं मला."