पाचवी वस्तू

तरुण मुलांनी नाव न सांगता मन मोकळं करावं म्हणून काढलेल्या चॅट हेल्पलाइनवर ती नवीनच लागली होती. उत्तराची वाट बघताना तिचा पाय सारखा हलायचा. मग मागच्या टेबलावरचा सीनियर दादा हसत हसत ओरडायचा, "अगं ए शिलाई मशीन, जरा हळू! इथं माझा चहा हिंदकळतोय."

आज मात्र मागून हाक आली नव्हती. तिचं सगळं लक्ष स्क्रीनवर होतं. "जीव नुसता कासावीस होतोय. काहीच नकोसं झालंय," एवढंच कुणीतरी लिहिलं होतं. पाय थांबेना. अशा वेळी काय विचारायचं, ते दादानंच तिला शिकवलं होतं. तिनं घाईघाईनं लिहिलं, "मी आहे इथं. आत्ता समोर दिसणाऱ्या पाच वस्तू सांग बघू."

हळूहळू एकेक ओळ यायला लागली.

"भिंतीवरचं बंद घड्याळ."

"कुंडीतलं सुकलेलं रोप."

"कान तुटलेला मग."

"त्यातला गार झालेला चहा."



"पाचवी वस्तू नाही, तूच आहेस, शिलाई मशीन. एकदा मागे वळून बघशील?"