नलूताईंची साडी

धाकट्याच्या लग्नाच्या मानाच्या साड्या लावता लावता आईने एक निळी इरकल बाजूला ठेवली.

"ही नलूताईंची. तुमच्याकडच्या त्या, मान चुकायला नको."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्याकडच्या? मी तर त्यांना तुझ्या माहेरच्या समजत होतो!"

शेजारी आहेराची यादी करणाऱ्या लेकीने, ऋजुताने, पेन खाली ठेवलं. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपमध्ये नातेवाईक असल्यासारख्या मिसळून गप्पा मारणाऱ्या जाहिराती तिचंच ऑफिस बनवत असे. ही नेमकी कोणाकडची, हे संकोचापोटी कुणी विचारत नाही, यावरच तर सगळा धंदा चालला होता. आणि नलूताई तिच्या हातची. सगळ्यात जास्त क्लिक मिळवणारी.

"आई, नलूताई म्हणून कुणी बाई नाही. ती जाहिरात आहे. मीच बनवलेली."

आईने इरकल जवळ ओढली. "अगं, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी 'तू जेवलीस का गं' म्हणून रोज विचारायची ती!"

"त्याच्याखाली डबेवाल्यांची लिंक असायची बघ."

"असेना! विचारायची तरी." आईने साडीवरून हात फिरवला. "इतकं मायेचं बोलायला कुठून शिकवलंस तिला?"

ऋजुताने मान खाली घातली. "तुझ्या मेसेजवरून. तू मला रोज पाठवायचीस ना, आणि मी कधी उत्तर दिलं नाही, ते सगळे."

आता आई रागावेल, असं तिला वाटलं. आईचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे वाचायचीस तू!" असं म्हणत तिने निळी इरकल लेकीच्या मांडीवर ठेवली.