तुतवार आले

“आली व माय, आली!” रंभाबाईंनी हातातली टोपली वाळूतच टाकली. “हिमानी, पोरीला घे. जीवन, ते फावडं ठेव खाली.”

तुतवारांचा थवा तापीच्या पाण्यावरून घसरत ते उभे होते त्याच वाळूच्या बेटावर उतरला. राखाडी, मुठीएवढी पाखरं. रंभाबाईंनी हात जोडले. त्यांचं हसू तोंडात मावेना.

या घरात पाखरं आल्याशिवाय नदीत बी पडत नसे. थंडीच्या तोंडाशी ती उत्तरेतून, असीरगडाच्या बाजूनं येत. ती वाळूवर उतरली म्हणजे नदी निवली, आता पूर नाही. मग झोपडी, मग टरबुजाचं बी. आणि त्या वर्षी घरात तान्हं मूल असेल तर त्याला पाखरांसमोर ओल्या वाळूवर टेकवायचं, पायांना कुंकू लावायचं, नदीच्या ओळखीचं करायचं. जीवनला असंच टेकवलं होतं. आज त्याच्या गुड्डीची पाळी.

यंदा दिवाळी सरली तरी वाळू रिकामीच. पावसाला नेम राहिला नव्हता. परवाच वर, नदीच्या उगमाकडे बैतूलला जोराचा पाऊस झाल्याचं मोबाइलवर आलं होतं, इथं मात्र कोरडं ऊन. काठाशी वाळू उपसणारं पोकलेन दिवसभर घरघरायचं. त्या आवाजाला बगळासुद्धा फिरकत नसे. जीवननं कंटाळून खड्डे घेतले होते, पण बियांची पुरचुंडी आईच्या कमरेला. ती काही सोडायला तयार नव्हती.

“म्हटलं होतं ना, व्हिसा अडकला असेल पाहुण्यांचा,” जीवन म्हणाला.

“तुझ्या मामापेक्षा बरी रे. तो तर पंगत उठल्यावर येतो.” रंभाबाईंनी कुंकवाची डबी काढली. “आण गुड्डीला. पाण्याच्या अगदी कडेला आण.”

हिमानीनं पोरीचे मोजे काढले. जमिनीला कधी न लागलेली ती पावलं. तिनं ती आधी स्वतःच्या गालाला लावली, मग गुड्डीच्या काखेत हात घालून तिला हळूच वाळूवर टेकवलं. थंड वाळू बोटांत शिरली तशी गुड्डी दचकली. ओठ काढले. मग पुन्हा पाय दाबून बघितला आणि बोळकं पसरून हसली.

पाखरं अगदी जवळ होती. पलीकडे पोकलेन घरघरत होतं, तरी उडत नव्हती. गुड्डीनं हात झटकला, तरी हलली नाहीत.

“कशी भीत नाहीत बघ,” रंभाबाई म्हणाल्या. “दमलीत बिचारी. केवढ्या लांबून आलीत.”

एक पाखरू हिमानीच्या पायाशी एका पायावर उभं होतं आणि चोचीनं छातीचं पीस साफ करत होतं. छाती तांबूस होती. हिमानी वाकली. तो रंग नव्हता, गाळ होता. ओला. पलीकडच्या पाखराचंही पोट तसंच. त्याच्या पलीकडच्याचंही. इथं तर वाळू पांढरीफेक होती, आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते.

“आई, ही कुठून आली?”

“कुठून म्हणजे? गडाकडून. दरसाल येतात तशी.”

“तुम्ही येताना बघितली?”

कुंकवात बुडवलेलं बोट तसंच राहिलं. “बघितली ग. आज नेपानगरच्या अंगानं आली खरी. नदी जिकडून येते ना, तिकडून. पण येऊ दे की, कुठून का येईना. आली ना!”

हिमानीनं गुड्डीला उचललं.

“अगं, कुंकू राहिलं! रीत अर्धी सोडू नको, बाई. अपशकुन होतो.”

“होऊ द्या.” तिनं पोरीला छातीशी गच्च धरलं. “अहो, फावडं टाका. आईंना धरा. काठावर चला, आत्ताच्या आत्ता.”

“काय झालं?” जीवन हसतच होता. “पाखरांना घाबरलीस काय?”

“यांची पोटं बघा. हिमालयातून उडत आलेल्या पाखराच्या पोटाला ओला गाळ लागतो होय?”

रंभाबाई वाकल्या. पाखराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नदीच्या वरच्या वळणाकडे मान वळवली. तिथं अजून काहीच नव्हतं. ऊन होतं. तेवढ्यात अख्खा थवा एकदम उठला आणि त्यांच्या डोक्यांवरून खालच्या अंगाला निघून गेला.

पाखरं आज आलीच नव्हती. केव्हाचीच आली होती, वरच्या वळणापलीकडे, जिथं पोकलेन पोचलं नव्हतं त्या वाळूवर राहिली होती. आणि आता ती वाळू पुराच्या गढूळ पाण्याखाली होती.