खोटा फोन

"ओठ हलवा हो, ओठ!" कॅमेऱ्यामागून डेनिस दबक्या आवाजात ओरडला. "फोन कानाला लावून पुतळ्यासारखं काय बसलाय? दहा सेकंदांत आपण दिसणार!"

आयलीने रिसीव्हर उचलला. फोन काही वाजला नव्हता. सकाळपासून आठांपैकी दोनच वाजले होते, आणि त्यातल्या एकावर कुणी म्हातारा नुसताच भांडून गेला होता. पण देणगी-सप्ताहात मुके फोन दाखवून कसं चालेल? बघणाऱ्याला वाटतं, कुणीच देत नाही, तर मीच का द्यावं? म्हणून सदस्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या गावच्या या टीव्ही वाहिनीवर स्वयंसेवकांनी उगाच बोलायचं, उगाच लिहायचं. आवाज काही बाहेर जात नाही. माइक एकट्या निवेदिकेला. एकतीस वर्षं हीच रीत.

शेजारच्या खुर्चीवरची लुसिल पाढे म्हणायची. पलीकडचे पाद्रीबुवा खरोखरच प्रार्थना करायचे. आयली दरवर्षी वेलचीच्या पावाची कृती सांगायची, पीठ किती मळायचं इथपासून सगळी.

आज तिला कृती सुचेना. डोक्यात एकच गोष्ट होती, मंगळवार. मंगळवारी ती नवऱ्याला, अर्वोला, बर्चवुड वृद्धाश्रमात सोडून येणार होती. कागदांवर सह्या झाल्या होत्या. त्याला मात्र तिने सांगितलं होतं, पाठ दाखवायला डॉक्टरांकडे जायचंय. चक्क खोटं बोलली होती. त्रेपन्न वर्षांच्या संसारानंतर हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? गेल्या महिन्यात तो तीनदा न्हाणीघरात पडला. तिसऱ्या वेळी तिला तो उचलवेना. मग तीही त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिली, शेजारच्या घरातली मार्गोट येईपर्यंत. आत्ताही मार्गोटच त्याच्यापाशी थांबली होती.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, प्रक्षेपण सुरू झालं. निवेदिका गोड हसली आणि सदस्य व्हा, सदस्य व्हा म्हणून आर्जवं करू लागली. मागे आयलीने मुक्या फोनात तोंड उघडलं.

"अर्वो, ऐक. मंगळवारी डॉक्टरकडे नाही जायचंय. तुला बर्चवुडला ठेवायचंय. माझ्याने नाही रे होत आता. तू कूस बदललीस तरी मी दचकून उठते. परवा तू झोपलास ना, तेव्हा मी देवाला म्हटलं, याला ने. खरंच म्हटलं. असली बायको आहे तुझी."

बोलली, आणि तिला हलकं वाटलं. कित्येक दिवसांत असं वाटलं नव्हतं. लाल दिवा विझला.

"झकास, आयली!" डेनिस अंगठा दाखवत आला. "कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ तुमच्याच तोंडावर ठेवला होता. काय बोलत होतात कोण जाणे, पण बघणाऱ्याला वाटलं असेल, कुणाशी तरी अगदी पोटातलं बोलतायत!"

"माझ्या तोंडावर? मी तर नेहमी मागच्या रांगेत असते."

"मागची रांग कुठाय आज? निम्मी माणसं आलीच नाहीत. म्हणून तर तुम्हाला पुढे बसवलं."

आयलीने हातातला रिसीव्हर खाली ठेवला. अर्वोला ऐकू येत नव्हतं. खाणीतल्या सुरुंगांनी त्याचे कान चाळिसाव्या वर्षीच गेले होते, आणि तेव्हापासून तो बोलायचं ते लिहून द्यायचा, समोरच्याचे ओठ वाचायचा. तिचे तर अंधुक उजेडातही वाचायचा. आवाज बाहेर जात नाही, आवाज बाहेर जात नाही, हेच ती घोकत बसली. मूर्ख बाई! जगात ज्या एका माणसाला आवाज लागतच नाही, नेमकं त्याच्याच पुढ्यात तिने हे सगळं ओतलं होतं.

"दोन ते चार तो झोपतो," ती स्वतःशीच म्हणाली. "झोपलाच असेल."

"कोण झोपलाय गं?" लुसिलने विचारलं. "आणि तुझा चेहरा का असा पांढरा पडलाय?"

आयलीने घरचा नंबर फिरवायला घेतला, तेवढ्यात लुसिलचा फोन वाजला. खरा वाजला. सगळ्यांनी माना वळवल्या. लुसिलने जरा ऐकलं आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "तुझी शेजारीण. तुझ्याशीच बोलायचंय म्हणते."

"मार्गोट? पडला का तो?"

"छे गं, पडतोय कसला! सदस्यत्व नव्याने करायचंय म्हणतोय. आत्ताच्या आत्ता. चिठ्ठी लिहून माझ्या हातात कोंबलीय, आणि फोन लाव म्हणून खुणा करतोय. तूच लिहून घे बाई, मला नाही कळत तुमच्या त्या फॉर्मातलं."

"तो जागा आहे?"

"टक्क जागा! तू पडद्यावर दिसलीस आणि खुर्ची ओढत ओढत अगदी टीव्हीजवळ गेला.  मी कॉफी दिली, तर ती तशीच ठेवलीय."

लाल दिवा पुन्हा लागला. "बघा, फोन वाजायला लागले!" निवेदिका आनंदाने म्हणाली. कॅमेरा वळत वळत आयलीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. डेनिस मागून बोटांनी ओठांचे कोपरे ताणून दाखवत होता, हसा, हसा. आयली हसली. कोरा फॉर्म पुढे ओढून तिने नाव लिहिलं. अक्षर रेघेखाली घसरत होतं.

"पत्ता..." तिने पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं.  "पत्ता तोच ना?"

"तेच तर मला कळेना," मार्गोट म्हणाली. "थांब, वाचून दाखवते. 'मंगळवारपासून बर्चवुड वृद्धाश्रम.' असं लिहिलंय त्याने."